भिंगरीची लगोर: काँगचं लाल रबरी खेळणं, चौदा महिने वापरल्यावर

सकाळी दहाला मी शाळेत जायच्या घाईत साडीच्या निऱ्या करत असते, तेव्हा बाहेरच्या खोलीतून ठरलेले आवाज येतात. आधी दिवाणाच्या चादरीवर नखांची खरखर. मग 'टप्प'. मग फरशीवर काहीतरी घरंगळतं आणि पाठोपाठ दाणे विखुरतात. आमची कुत्री भिंगरी तिची लगोर तोंडात धरून दिवाणावर चढते, कडेला येऊन तोंड उघडते, ती खाली पडू देते आणि मान वाकडी करून बघते. दाणे उडाले तर खाली उडी. नाही उडाले तर लगोर परत तोंडात, परत दिवाणावर. हे तिला आम्ही कुणीच शिकवलेलं नाही. वरून टाकलं की आतलं बाहेर येतं हे तिचं तिने शोधून काढलं, आणि ज्या दिवशी शोधलं त्या दिवशी मी शाळेत दहा मिनिटं उशिरा पोचले, कारण माझा पाय दारातून निघेना.

लगोर म्हणजे काँग कंपनीचं लाल रबरी खेळणं, त्यातलं 'क्लासिक'. तीन गोळे एकावर एक रचल्यासारखा आकार, खालचा मोठा, वरचा लहान. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हातात घेऊन म्हटलं, "ही तर लगोर की!" तेच नाव पडलं. आतून पोकळ, बुडाला मोठं भोक, शेंड्याला बारीक भोक. बॅटरी नाही, आवाज नाही, काही नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात घेतलं, म्हणजे आता दुसरा पावसाळा सुरू आहे. रोज वापरात आहे. ओळखीतल्या तिघीचौघींनी विचारलं की खरंच उपयोग होतो का, पैसे टाकावेत का, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही साताऱ्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. भिंगरी गावठी आहे. पोवई नाक्याजवळ भर पावसात एका टपरीखाली सापडली, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची असेल. नाव भिंगरी ठेवलं कारण आनंद झाला की जागच्या जागी गोल फिरायची. आठव्या महिन्यापर्यंत ते गोड वाटलं. त्यानंतर ती आनंदाशिवायही फिरायला लागली. दुपारभर शेपटीमागे गोल, गोल, मग थांबून भिंतीकडे बघणं, मग परत गोल. शिवाय पडदे, दोन चपला, माझ्या तपासायच्या वह्यांचा एक गठ्ठा आणि देव्हाऱ्याच्या चौरंगाचा एक पाय. आम्हाला वाटायचं, व्यायाम कमी पडतोय. आमचे हे तिला पहाटे 'चार भिंती' नावाच्या टेकडीपर्यंत चढवून आणायचे, संध्याकाळी मी परत न्यायचे. चढ चांगला दमवणारा आहे. ती यायची, पाणी प्यायची, पंधरा मिनिटं पडायची आणि उठून परत गोल.

मग एका शिकवणाऱ्याला घरी बोलावलं. नाव लिहीत नाही. त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि "बस" म्हणत झटके दिले. तिसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल खाली थांबल्याचा आवाज आला आणि भिंगरीने उभ्या जागी शू केली. त्या दिवशी त्याला दारातूनच परत पाठवलं. पैसे गेले त्याचं काही नाही. ती तीन दिवस मी तिथे उभी राहून बघत होते, याचं वाईट मला आजही वाटतं.

वळण मिळालं ते लसीकरणाच्या वेळी. डॉक्टरांनी तिला टेबलावर फिरताना बघितलं आणि विचारलं, "हिला जेवायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, दोन मिनिटं, वाटी चाटूनपुसून. ते म्हणाले, "आणि ही रस्त्यावर असती तर?"

त्या एका प्रश्नावर मी रात्रभर विचार करत होते. रस्त्यावरचं कुत्रं दिवसभर काय करतं? वास घेत हिंडतं, कचरा उकरतं, कुणाच्या हातात पिशवी आहे ते बघतं, कोणत्या दारी सकाळी शिळी भाकरी पडते ते लक्षात ठेवतं. त्याचं पोट त्याच्या नाकावर आणि अकलेवर चालतं. पिढ्यान् पिढ्या असं जगलेल्या जातीचं हे पिल्लू आम्ही उचललं, फरशीवर ठेवलं, आणि त्याचा सगळा उद्योग दोन मिनिटांच्या वाटीत संपवून टाकला. उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? डॉक्टरांनी सांगितलं की वाटी बंद करा, जेवण कमवायला लावा. शेपटीमागे फिरणं वाढलं तर परत दाखवायला या, कारण कधीकधी ते आजाराचंही लक्षण असतं. आमच्या बाबतीत औषधाची वेळ आली नाही.

तर खेळणं. पहिल्यांदा दुकानदाराने लहान आकार दिला आणि मीही काही न विचारता घेतला. घरी आल्यावर तिने तो अख्खा जबड्यात मागे नेला, तसं माझ्या पोटात धस्स झालं. काढून ठेवला. पाकिटावर वजनाचा तक्ता असतो, तो वाचा. भिंगरी सतरा किलोची, तिला मोठा म्हणजे लार्ज लागतो. दोन आकारांच्या मध्ये असाल तर मोठाच घ्या. मला तेराशेच्या आसपास पडला. एका रबराच्या तुकड्याला तेराशे ही रक्कम आमच्या घरात चर्चेची होती, खोटं कशाला बोलू.

हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांनी खेळणं हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, फरशीवर आपटून बघितलं. ते सरळ न उसळता भलतीकडेच उडालं. म्हणाले, "हे गाडीच्या सस्पेन्शनचं रबर वाटतंय." मुलगी पुण्याला शिकते, तिने फोनवर शोधून सांगितलं की बाबा बरोबर बोलतायत. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावायची सवय, दात झिजत चाललेले. 1970च्या दशकातली गोष्ट. मार्कहॅम फोक्सवॅगनची बस दुरुस्त करत होते आणि त्यांनी काढलेले सुटे भाग त्याच्याकडे टाकले. त्यातलं सस्पेन्शनचं रबर त्या कुत्र्याला इतकं आवडलं की दगड सुटले. 1976 साली त्यातून ही कंपनी उभी राहिली. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांचा तेराशेवरचा राग एकदम उतरला. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला तेच ही गोष्ट सांगतात.

पहिला दिवस मात्र पूर्ण वाया गेला आणि चूक माझी होती. इंटरनेटवर बघून मी शिजवलेला भात, अंडं आणि दही गच्च दाबून भरलं आणि रात्रभर फ्रीजरमध्ये दगड करून ठेवलं. सकाळी दिलं. तिने वास घेतला, दोनदा चाटलं, पंजाने ढकललं, माझ्याकडे बघून भुंकली, आणि मग लगोर उचलून दिवाणाखाली नेऊन ठेवली. चार दिवस हात लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुक्या जिवाला कसली कोडी घालतेस? भाकरी टाक की समोर."

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, पंधरा वर्षं झाली. जूनमध्ये आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी जोडाक्षर देत नाही. दिलं तर पोर पाटी बाजूला सारतं आणि खिडकीबाहेर बघायला लागतं. पाचव्या दिवशी लगोर दिवाणाखालून काढताना मला माझीच पोरं आठवली आणि मी सगळं नव्याने सुरू केलं. लगोर धुतली, पुसली, कोरडी केली. तिच्या रोजच्या कोरड्या खाण्यातले मूठभर दाणे आत टाकले, काही दाबलं नाही, आणि लगोर जमिनीवर आडवी ठेवली. नाक लागलं की दोन दाणे बाहेर. परत नाक, परत दाणे. दीड मिनिटात रिकामी. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात 'अजून?' होतं, हे मी शपथेवर सांगते.

आठवडाभर एवढंच. पुढच्या आठवड्यात तोंडाशी पोळीचा एक तुकडा अडकवला. तो ओढला की दाण्यांना वाट. त्यानंतर दाण्यांत थोडं दही कालवलं, म्हणजे पंजाने ढकलून भागेना, जीभ आत घालावी लागायला लागली. मग दह्याऐवजी कुस्करलेला लाल भोपळा. जवळजवळ दीड महिन्याने परत फ्रीजर, आणि तोही फक्त तासभर, नुसता वरचा थर कडक होईपर्यंत. आज ती चार तास गोठवलेली भरगच्च लगोर घेते आणि तीस-पस्तीस मिनिटं दोन पंजांत धरून बसते. डोळे अर्धे मिटलेले, जिभेचा एकसारखा लपलप आवाज, अधूनमधून थांबून लगोर फिरवून दुसऱ्या बाजूने. खाऊन झालं की लांब सुस्कारा टाकून तिथेच आडवी होते. चार भिंतींच्या चढावरून आल्यावर जी झोप लागत नव्हती ती या अर्ध्या तासाने लागते.

काय भरायचं ते लिहिते, कारण बाजारात मिळणाऱ्या तयार पेस्ट मला परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. शिजवलेला भात, लाल भोपळा, गाजर, उकडलेलं अंडं, घट्ट दही, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाडं काढून. शेंगदाण्याचं कूट घरचं, बिनमीठ-बिनसाखरेचं, चमचाभर. विकतचं पीनट बटर घेतलंत तर डबा फिरवून झायलिटॉल लिहिलंय का बघा. ते गोडीसाठी घालतात आणि कुत्र्यांना विषारी आहे. आमटी-भात, भाजी-पोळी भरू नका, कारण फोडणीत कांदा-लसूण असतो आणि दोन्ही कुत्र्याला वाईट. द्राक्षं आणि मनुका-बेदाणे तर अजिबात नाही. हे मी ठासून लिहितेय, कारण गेल्या वर्षी सत्यनारायणाच्या दिवशी सासूबाईंनी प्रेमाने लगोरीत प्रसादाचा शिरा भरला होता. त्यात बेदाणे होते. नशिबाने देण्याआधी मी बघितलं. त्यांना कारण सांगितल्यावर त्या घाबरल्या, आणि आता त्यांनी फ्रीजच्या दारावर स्वतःच्या अक्षरात यादी लावली आहे: कांदा, लसूण, द्राक्ष, मनुका, चॉकलेट, भिंगरीला नाही.

आणखी एक. लगोरीत जे जाईल ते दिवसाच्या खाण्यातून वजा करायचं. पहिल्या तीन महिन्यांत मी केलं नाही आणि तिचं वजन दीड किलोने वाढलं.

भरायची माझी पद्धत अशी. लगोर फुलपात्रात शेंडा खाली करून उभी ठेवायची. अगदी बसते, सांडत नाही, आणि फुलपात्रासकट फ्रीजरमध्ये जाते. तळाला सगळ्यात आवडीची गोष्ट, म्हणजे अंड्याचा तुकडा. मध्ये भोपळा कालवलेला भात. वरून दही. शेवटी अंडं मिळतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती मधे सोडत नाही. शेंड्याचं बारीक भोक मी कधीच बुजवत नाही. ते हवेसाठी असतं. एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात चाटताचाटता आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. स्वस्तात मिळणारी तशाच दिसणारी खेळणी घेताना हे एवढं तरी तपासा.

धुणं हा खरा कटकटीचा भाग आहे. आत बोट पोचत नाही. मुलीच्या लहानपणीचा दुधाच्या बाटलीचा ब्रश माळ्यावरून काढला, तो अगदी नेमका जातो. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश, आणि मग उलटी करून निथळत ठेवायची. एकदा रात्री न धुता राहिली आणि सकाळी शेंड्याच्या भोकातून मुंग्यांची रांग लागलेली. पावसाळ्यात दह्याचा वास धरतो, म्हणून वापरली की लगेच धुते. हा व्याप ज्यांना झेपणार नाही त्यांनी फक्त कोरडे दाणे भरावेत. त्यानेही काम होतं.

आता बाकीच्या दोन गोष्टी, ज्या मी याच सुमारास घेतल्या. एक वास घेऊन खाऊ शोधायची चटई. कापडाच्या झिरमिळ्यांची असते, त्यात दाणे लपवायचे. कल्पना उत्तम. मला मिळालेली मात्र आठ दिवसांत उसवली. तिने दोन झिरमिळ्या गिळल्या असत्या, मी तोंडातून काढल्या. शिवाय जुलैत धुतलेली चटई साताऱ्याच्या हवेत चार दिवस वाळली नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणार होते, पण सासूबाईंनी त्यांची जुनी वाकळ काढून दिली. ती जमिनीवर चुरगळून टाकायची, घड्यांमध्ये भाकरीचे नखाएवढे तुकडे लपवायचे आणि म्हणायचं, "शोध." भिंगरी नाक खुपसून एकेक घडी उलगडते. फुंकरीसारखा भराभर श्वास ऐकू येतो. हा खेळ आता सासूबाईंचाच आहे. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांमुळे त्यांना भिंगरीला फिरायला नेता येत नाही, पण दुपारी तीनला खुर्चीत बसून वाकळ पसरतात आणि दोघींचा अर्धा तास मजेत जातो. एकही रुपया खर्च नाही.

मुलीने यावर एक अभ्यास पाठवला होता. 2019 साली शार्लट ड्युरांटॉन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोघींनी काही कुत्र्यांना दोन आठवडे रोज वास घेऊन शोधायचं काम दिलं आणि काहींना मालकाच्या पायाला पाय लावून चालायचा सराव. नंतर सगळ्यांपुढे अशा जागी वाटी ठेवली की खाऊ असेल की नसेल ते सांगता येऊ नये. शोधणारी कुत्री त्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर गेली, म्हणजे असेल काहीतरी अशा आशेने. चालण्याचा सराव केलेल्यांत असा बदल दिसला नाही. वाचल्यावर मी फिरायला नेण्याची पद्धतच बदलली. आधी मी पट्टा ओढत "चल, चल" करत न्यायचे. आता अर्धा वेळ तिचा. ज्या खांबाला तिला दोन मिनिटं वास घ्यायचाय तिथे मी दोन मिनिटं उभी राहते. अंतर निम्म्यावर आलं, दमणं वाढलं.

दुसरी वस्तू क्लिकर, टिक्क आवाज करणारी छोटी डबी. तत्त्व असं की जनावराने हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी आवाज, आणि आवाजानंतर दरवेळी खाऊ. हाताने खाऊ काढेपर्यंत दोनतीन सेकंद जातात आणि तेवढ्यात त्याने भलतंच काही केलेलं असतं. आवाजामुळे नेमका क्षण पकडता येतो. भिंगरीला त्या डबीचा कडक आवाज सोसेना, साखळीवाल्याच्या अनुभवानंतर ती कुठल्याही अचानक आवाजाला दचकायची. मी बॉलपेन वापरलं. टिकटिक मऊ, आणि पर्समध्ये नेहमीच असतं.

पेनाच्या जोरावर पहिलं शिकवलं ते "थांब". दार उघडलं की ती जिन्याने खाली सुसाट सुटायची. मी कडीला हात लावला, ती बसली, टिक, दाणा. कडी काढली, बसूनच राहिली, टिक, दाणा. दार बोटभर उघडलं, ती उठली. दार बंद. रागावणं नाही, बोलणं नाही. परत कडी. एका वेळी तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही, दिवसातून तीनदा. अकराव्या दिवशी दार सताड उघडं आणि ती उंबरठ्याच्या आत बसलेली, शेपटी फरशी झाडतेय, डोळे माझ्यावर. मी "चल" म्हटल्यावरच उठली. खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन वर येत होत्या, त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "ही तीच का हो?"

वस्तूंची नावंही शिकवतोय. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी 1,022 खेळण्यांची नावं शिकवली होती. आम्ही सहावर आहोत: लगोर, चेंडू, पट्टा, चप्पल, वाकळ, आणि 'आजी'. आजी म्हटलं की ती सासूबाईंकडे जाऊन उभी राहते. त्यांना जेवायला हाक मारायची झाली तर मी भिंगरीलाच पाठवते.

एक सावधगिरी. गोठवलेली लगोर घेऊन बसली असताना शेजारचा सहा वर्षांचा मुलगा जवळ गेला, तेव्हा तिचं चाटणं थांबलं आणि अंग ताठ झालं. गुरगुरली नाही, पण मला कळलं. त्या दिवसापासून दोन नियम आहेत. लगोर चालू असताना मुलं लांब. आणि "सोड" शिकवताना हिसकावणं नाही. मी हातात अंड्याचा तुकडा घेऊन जाते, "सोड" म्हणते, ती लगोर सोडून अंडं खाते, आणि लगोर मी तिला परत देते. परत देणं महत्त्वाचं. आता मी जवळ गेले की ती आपणहून बाजूला सरकते.

हे खेळणं कशावर चालत नाही तेही लिहायला हवं. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा मी मोठ्या आशेने भरलेली लगोर पुढे केली. ती मोरीत कोपऱ्याला चिकटून थरथरत होती, अंड्याकडेही बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले की घाबरलेलं जनावर खात नाही, तिथे खेळण्याचा इलाज नाही. तुमचं कुत्रं एकटं राहिलं की दार ओरबाडत असेल, आणि तुम्ही भरून ठेवलेली लगोर घरी आल्यावर तशीच्या तशी सापडत असेल, तर तो कंटाळा नाही, ती भीती आहे. डॉक्टरांकडे जा, दुसरं खेळणं आणू नका. कंटाळलेल्या कुत्र्यासाठी मात्र मी याहून चांगली वस्तू बघितलेली नाही.

फार जोरात चावणाऱ्या कुत्र्यांसाठी याच कंपनीचं काळ्या रबराचं येतं, ते जास्त चिवट असतं. पिल्लांसाठी मऊ रबराचं वेगळं मिळतं. भिंगरीला लालच पुरलं. चौदा महिन्यांत मोठ्या भोकाच्या काठाला दातांचे बारीक ठसे आहेत, रंग थोडा उतरलाय, तुकडा कुठे निघालेला नाही. दर रविवारी मी काठावरून अंगठा फिरवून चीर पडली आहे का बघते. पडली की टाकून देणार.

गोल फिरणं पूर्ण थांबलंय का? नाही. मी शाळेतून आल्यावर दारात दोन गिरक्या होतात, शेपटी हलवत, आणि मग ती वास घ्यायला माझ्या पिशवीत नाक घालते. भिंतीकडे बघत बसणं मात्र डिसेंबरपासून एकदाही दिसलेलं नाही. तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवत होते, म्हणून सांगू शकते.

गेले तीन दिवस पाऊस असा आहे की यवतेश्वरचा डोंगर दिसत नाही आणि फिरणं म्हणजे खाली जाऊन पाच मिनिटांत वर. काल दुसरी लगोर मागवली, म्हणजे एक धुऊन वाळेपर्यंत दुसरी तयार राहील. आजची भरून झाली आहे. तळाला अंडं, मध्ये भोपळा-भात, वर दही. फुलपात्रात उभी आहे, आणि भिंगरी फ्रीजसमोर बसली आहे.